गोलकीपरचं नाव

मी तापट आहे, हे आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत गेटवरच्या चौकीदारापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं दिल्लीत काढली. इथे माणूस एक तर तापट होतो, नाहीतर रोज बस चुकवतो. त्यामुळे सुनेचं नाव का बदललंत, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायची, माझी मर्जी.

सुनेचं माहेरचं नाव द्वारका. द्वारका मुरलीधर शेडगे. वडील सैन्यात सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, पण मुलगी वाढली ती दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. आमच्या विश्वजितनं तिला मंडळाच्या गणपतीत पाहिलं. सतरंज्यांची आख्खी चळत ती एकटी उचलून नेत होती आणि हा मदतीला गेला तर म्हणाली, तुम्ही फक्त दार धरा. यानं दार धरलं आणि तिथेच अडकला.

लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या मिसेस खुराणांना सुनेचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, कौन से सेक्टर में? कारण त्या वर्षांत पालमच्या पलीकडे द्वारका नावाचं नवं उपनगर उभं राहत होतं आणि जो तो तिथल्या फ्लॅटसाठी फॉर्म भरत होता. मी म्हटलं, झालं, आता जन्मभर हा विनोद ऐका. नाव बदलायचं. तसंही आमच्याकडे लग्नात बदलतातच. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि तिथून पुढे ती त्या घरची. माझंही असंच बदललं होतं. वृंदा सबनीस होण्याआधी मी कोण होते, हे आता माझ्याशिवाय फार तर माझ्या भावाला आठवत असेल.

अहिल्या हे नाव मी ठरवलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे भालचंद्ररावांनी, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पेपर वाचायला घेतला. विश्वजित म्हणाला, आई, तिला विचारू तरी. मी म्हटलं, मला कुणी विचारलं होतं?

तर ही मुलगी हँडबॉल खेळायची. देशाच्या संघात गोलकीपर. मला आधी वाटलं, व्हॉलीबॉलचंच काहीतरी भावंड असेल. मग एकदा सराव बघायला गेले आणि घाबरून घरी आले. सात-सात जणी असतात. समोरची मुलगी उडी मारते आणि सहा मीटरवरून सगळा जोर लावून चेंडू फेकते. कुणीही शहाणं माणूस बाजूला होईल. हिनं हातपाय फाकवून त्याच्या समोर जायचं. हातात मोजे नाहीत, तोंडाला जाळी नाही. दंडावर, मांडीवर, एकदा तर हनुवटीवर निळे डाग.

ते डाग खुराणाबाईंनी पाहिले. सून गच्चीत कपडे वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी बाई मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाल्या, भाभीजी, आजकल कानून बड़ा सख्त है, बहू का खयाल रखा करो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुनेला तिथेच बोलावलं आणि म्हटलं, सांग यांना. तिनं बिचारीनं मन लावून समजावलं, आंटी, ये सात मीटर वाली पेनल्टी का है, और ये कोहनी लगी थी. जितकं ती समजावत होती, तितकी खुराणाबाईंची खात्री पटत चालली होती. पंधरा दिवस आख्खा ब्लॉक माझ्याकडे सासू म्हणजे काय चीज असते अशा नजरेनं बघत होता. मी बाजारातून आंबेहळद आणली आणि रोज संध्याकाळी स्वतः उगाळून तिच्या दंडांना लावायला लागले. लावताना बडबडायची. ती गप्प बसून लावून घ्यायची आणि मधेच हसायची. खरं सांगायचं तर ती मला पहिल्या महिन्यातच आवडली होती. तसं तोंडानं म्हणायची माझी जात नाही.

जानेवारीत विश्वजितच्या नोएडाच्या कंपनीनं त्याला सहा महिने सिंगापूरला पाठवायचं ठरवलं. नवी कंपनी, कॉम्प्युटरची, सगळी पोरंटोरं. बायकोलाही घेऊन जा म्हणाले. म्हणजे तिचाही पासपोर्ट हवा. याआधी ती एकदाही देशाबाहेर गेली नव्हती, सगळे सामने इथेच झालेले. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बावीस वर्षं सरकारी नोकरीत यूडीसी, म्हणजे वरच्या श्रेणीची कारकून होते. घरात अक्षर माझं चांगलं, आणि दुसऱ्यानं भरलेला फॉर्म मला पटत नाही.

त्या फॉर्मात एक रकाना होता. याआधी आपलं दुसरं काही नाव होतं का, असल्यास पूर्ण लिहा. मी पेन न थांबवता लिहिलं, लागू नाही. मुलगी सासरी आली, नाव बदललं, विषय संपला, आता माहेरचं नाव कशाला उगाळत बसायचं. रेशनकार्डावर अहिल्या लावून झालंच होतं, ह्यांच्या ओळखीच्या अंडर सेक्रेटरीचा दाखला जोडला. सून सरावाहून घाईत आली होती. मी बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. पाच आठवड्यांत पासपोर्ट घरी. अहिल्या विश्वजित सबनीस. मी तो देवापुढे ठेवला आणि मग कपाटात.

मार्चमध्ये नोएडात विभागीय पात्रता स्पर्धा होती. एका नव्या शाळेनं मोठा हॉल बांधला होता, तिथे. चार देश येणार, पहिले दोन आशियाई चॅम्पियनशिपला जाणार. आपला संघ याआधी दोनदा थोडक्यात राहिला होता आणि दोन्ही वेळा गोलात हीच होती. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांत सिंगापूर. तिथून परत येईपर्यंत नव्या मुली संघात आलेल्या असणार, हे तिलाही कळत होतं. तिनं आमच्या घरी आल्यापासून कधी काही मागितलं नाही. फक्त एकदा आंबेहळद लावताना म्हणाली, आई, ही एक स्पर्धा मला खेळायचीच आहे, मग पुढचं पुढे. मी म्हटलं, खेळ की, कोण अडवतंय. आता हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला सामना गुरुवारी. बुधवारी दुपारी तीनला फोन वाजला. हँडबॉल संघटनेचे जॉइंट सेक्रेटरी अण्णासाहेब बोलत होते. मराठी माणूस, आवाज नेहमी बैठकीत असल्यासारखा, पण त्या दिवशी घामेजलेला. त्यांची टेक्निकल मीटिंग चालू होती कोपर्निकस मार्गावर, आपल्या जुन्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसमध्ये. ओळखीनं हॉल मिळवला होता. तिथे स्पर्धेवर देखरेख करायला परदेशातून आलेल्या डेलिगेटनं सगळ्या खेळाडूंचे पासपोर्ट मागितले. यजमानांचे सुद्धा. घरच्या अंगणात खेळायचं तर पासपोर्ट कोण बघतंय, असं म्हणून इतके दिवस कुणी ते उघडूनच पाहिले नव्हते. खेळाडूंची यादी गेली होती नोव्हेंबरात, लग्नाच्या आधी. यादीत द्वारका मुरलीधर शेडगे. पासपोर्टवर अहिल्या विश्वजित सबनीस. डेलिगेट म्हणाला, ही दुसरी बाई आहे.

आणि त्याचं तरी काय चुकलं? जगात बायकांची आडनावं बदलतात, हे त्यानं ऐकलं होतं. पण पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, शेवटचं बदललं, आता ओळखायचं कशावरून? अण्णासाहेबांनी त्याला आमची पद्धत समजावली तर त्याला वाटलं, हे लोक ऐन वेळी दुसरी खेळाडू घुसवतायत. त्यानं आठ वाजेपर्यंत वेळ दिला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं दाखवणारं काहीतरी आणा, नाहीतर ती संघात नाही.

मी आणि ह्यांनी गोदरेजचं कपाट रिकामं केलं. लग्न रजिस्टर केलेलं नव्हतं, तेव्हा कोण करत होतं. पत्रिका सापडली, तीवर चि. सौ. कां. द्वारका. रेशनकार्डावर नुसती अहिल्या. शाळेच्या, खेळाच्या प्रमाणपत्रांवर द्वारका. बँकेच्या पासबुकावर अहिल्या. दोन्ही नावं एका कागदावर कुठेही नव्हती. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, असं कसं, पासपोर्टमध्ये मागे आधीच्या नावाची नोंद असायला हवी, ती ऑफिसवाल्यांनी केलीच नाही. मी कपाटात डोकं घालून उभी होते. ते तसंच आत ठेवलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या होत्या, आता स्वतःची तोंडातून निघेना.

मग मला कॅसेट आठवली. लग्नाची व्हिडिओ कॅसेट. त्यात नाव ठेवतानाचा सगळा प्रसंग होता. मी ती पदराखाली धरली आणि ह्यांच्या मागे स्कूटरवर बसले. निजामुद्दीनच्या पुलावर ही गर्दी. एक ब्ल्यूलाईन बस आमच्या अंगावरच आली. मी त्या ड्रायव्हरला जे बोलले ते ह्यांनी सिग्नलला थांबल्यावर मला ऐकवलं, आणि वर म्हणाले, तुझ्या पोटात काहीतरी आहे, त्याशिवाय तू इतकी ओरडत नाहीस. बत्तीस वर्षांचा संसार, माणूस पाठीला डोळे असल्यासारखा बोलतो.

हॉलमध्ये सून एका कोपऱ्यात ट्रॅकसूट घालून बसली होती. तिचे वडील आले होते, सुभेदारसाहेब, ताठ. मुलीच्या शेजारी खुर्ची रिकामी होती, तरी ते उभेच होते. आम्हाला पाहून सून उठली, पण जवळ आली नाही. अण्णासाहेबांनी टीव्ही आणि व्हीसीआर मागवला. डेलिगेट साठीच्या आसपासचे, भारदस्त गृहस्थ, समोर कांदेपोह्यांची बशी. बशी अर्धी रिकामी झालेली पाहून मला जरा धीर आला.

कॅसेट लागली. आधी बराच वेळ पडद्यावर गुलाबाची फुलं उमलली, मग बदामात नवरा, दुसऱ्या बदामात नवरी. डेलिगेट चक्क मान डोलावत होते. मला लाज वाटली, पण पुढे पळवायचं बटण अण्णासाहेबांना सापडत नव्हतं. शेवटी आलं. तांदळाचं ताट. गुरुजी म्हणतात, माहेरचं नाव द्वारका, आता सासरचं नाव सांगा. आणि माझा आवाज, इतका मोठा की मलाच दचकायला झालं, अहिल्या. विश्वजित अंगठीनं लिहितो. अण्णासाहेब एकेका वाक्याचं इंग्रजी करत होते. डेलिगेट म्हणाले, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. त्यांनी नवरीचा चेहरा थांबवायला सांगितला, कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं, परत पडद्याकडे. म्हणाले, आणखी एकदा.

ती कॅसेट मी तोवर वीस वेळा तरी पाहिली असेल. दरवेळी मी मलाच पाहिलं होतं. माझी मोरपिशी पैठणी, माझी नथ, मी पेढे वाटतेय. लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळे स्वतःलाच बघतात. त्या दिवशी, तिसऱ्या वेळी, मी पहिल्यांदा नवरीकडे पाहिलं. विश्वजितनं आपल्या बाजूनं लिहिलं होतं, तिला अक्षरं उलटी दिसत होती. तिनं मान वाकडी करून ती वाचली. मग ओठ हलवून एकदा स्वतःशी म्हणून पाहिली, शाळेत नवा शब्द म्हणतात तशी. आणि मान वर करून तिनं वडिलांना शोधलं. ते मागे उभे होते आणि खाली बुटांकडे बघत होते. मग कॅमेरा परत माझ्यावर आला, मी हसत होते. मला ते हसणं बघवेना.

डेलिगेटनी टीव्ही बंद करायला सांगितला. मुलगी तीच आहे, माझी खात्री पटली, असं ते म्हणाले. पण एक गोष्ट त्यांना समजत नव्हती. पासपोर्टात नाव बदलल्याची नोंद करायला पान असतं, ते कोरं का? अण्णासाहेब म्हणाले, क्लार्कची चूक असेल साहेब. आमचे हेही मान हलवायला लागले. तिथे मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"कुणाची चूक नाही," मी उभी राहून म्हटलं. "फॉर्म मी भरलाय. आधीचं नाव काय, असं विचारलं होतं. मी लिहिलं, लागू नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुभेदारसाहेबांनी मात्र पाहिलं नाही. त्यांची नजर कॅसेटमधल्यासारखीच खाली गेली, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. डेलिगेटनी शांतपणे विचारलं, का? मी म्हटलं, आमच्यात मुलगी सासरी आली की जुनं नाव संपतं. इंग्रजीत ते वाक्य फारच वाईट ऐकू आलं.

यानंतर त्यांनी दोन रस्ते सांगितले. पहिला सोपा. यादीत एक ओळ खोडायची, अहिल्या सबनीस लिहायचं, पासपोर्टशी जुळलं, संपलं. दुसरा म्हणजे यादीतलं नाव तसंच ठेवायचं, पण घरच्यांनी लेखी द्यायचं की पासपोर्टमधली माहिती आम्ही चुकीची भरली आणि तो दुरुस्तीला लगेच परत करतोय. म्हणजे सिंगापूर लांबणार. अण्णासाहेबांनी फाईल उघडली आणि जरा खाकरून म्हणाले, एक सांगायला हवं. सहा वर्षं, देशासाठी बत्तीस सामने, हे सगळं द्वारका शेडगेच्या नावावर आहे. ते या नावावर आणायची माझ्याकडे काही सोय नाही. अहिल्या सबनीसनं आजवर एकही सामना खेळलेला नाही. उद्या खेळली तर तो तिचा पहिला.

डेलिगेटनी खेळाडूलाच विचारलं. ती एक क्षणही थांबली नाही.

"अहिल्या लिहा, सर."

तिचा आवाज साधा होता, रडका नाही, रागाचा नाही. आणि मला वाटलं, वृंदाबाई, शाब्बास. सहा मीटरवरून येणाऱ्या चेंडूला न घाबरणारी पोर तुम्हाला घाबरते. बत्तीस सामने, ते सगळे निळे डाग, ती एका शब्दात सोडून द्यायला निघाली होती. का, तर सासूनं भर मांडवात मोठ्या आवाजात एक नाव सांगितलं म्हणून.

मी अण्णासाहेबांच्या हातातून कागद घेतला. खुर्ची ओढली आणि लिहायला बसले. मी, वृंदा भालचंद्र सबनीस, असं लिहून देते की पासपोर्टच्या फॉर्ममध्ये चुकीची माहिती मी माझ्या हातानं भरली. माझ्या सुनेचं नाव द्वारका मुरलीधर शेडगे आहे. पुढचं ह्यांनी सरकारी भाषेत सांगितलं, मी लिहिलं. तेवढ्यात विश्वजित नोएडाहून धावतपळत आला. टाय खिशात कोंबलेला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, कंपनी थांबेल, नाहीतर मी एकटा जाऊन येतो, यात विचार कसला. सून मधेच म्हणाली, आई, नको ना, राहू दे. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला फॉर्ममधलं काय कळतं. सही करताना माझं अक्षर वाकडं गेलं, आणि त्याचं कारण त्या खोलीत माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे, असं मी समजत होते.

सुभेदारसाहेब निघताना माझ्यासमोर आले. हात जोडले. मी म्हटलं, व्याही, मला लाजवू नका, उद्या सामन्याला वेळेवर या. ते म्हणाले, फौजी आहे ताई, अर्धा तास आधी येईन.

खरंच अर्धा तास आधी आले होते. नव्या हॉलमध्ये रंगाचा वास अजून होता, छताला कसल्या कसल्या कंपन्यांची बॅनरं. दोन्ही संघ ओळीनं उभे राहिले आणि माईकवरून नावं घ्यायला लागले. नंबर एक, गोलकीपर, द्वारका मुरलीधर शेडगे. मुरलीधर म्हटल्याबरोबर माझ्या शेजारी सुभेदारसाहेब उठून उभे राहिले, हात शरीराला सरळ लावून. मागचे लोक बैठ जाओ भाईसाहब म्हणून ओरडायला लागले. मी मागे वळून असं काही बघितलं की पुढचे तीन दिवस त्या रांगेतून आवाज आला नाही.

आता शेवटच्या सेकंदाला तिनं चेंडू अडवला आणि आपण जिंकलो, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पहिले दोन सामने आपण आरामात जिंकलो. शेवटच्या दिवशी उझबेकिस्तानच्या मुली आल्या, एकेक जण दाराच्या चौकटीएवढी. त्यांच्याशी आपण दोन गोलांनी हरलो. तिनं कितीतरी अडवले, एक तर पायानं, जमिनीवर आख्खी फाकून, तेव्हा मला जागेवर बसवेना. पण हरलो. मी डोक्याला हात लावून बसले, आणि बघते तर खाली आपल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचतायत. मी ह्यांना म्हटलं, यांना कळलं नाही का आपण हरलो ते? हे म्हणाले, अगं, पहिले दोन जाणार होते, आपण दुसरे आलो. मग मीही नाचले. एका साठीच्या बाईला जेवढं जमतं तेवढं.

गर्दी पांगल्यावर ती आमच्याकडे आली. कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली. वडिलांना वाकली, ह्यांना वाकली. मला वाकायला लागली तेव्हा मी तिला तिथेच धरलं आणि बाजूला बाकावर नेलं. तीन दिवस जे मनात घोळत होतं ते विचारून टाकलं. त्या दिवशी तू अहिल्या लिहा म्हणालीस, ते मला घाबरून म्हणालीस ना?

तिनं मान हलवली, नाही. कुणी जवळ नाही ना, ते पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "लग्नाच्या आधी बाबा एकदा एकटेच आमच्या क्वार्टरवर आले होते. त्यांनी सांगितलं मला. तुम्हाला एक मुलगी झाली होती. बारशाला एक दिवस राहिला होता."

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. विश्वजितलाही नाही, तो दोन वर्षांचा होता तेव्हा. अकराव्या दिवशी सकाळी गेली. शेजारणीकडून पाळणा आणून ठेवला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, नणंद नागपूरहून यायला गाडीत बसली होती. नाव ठरलं होतं. पण ते बाराव्या दिवशी आत्यानं कानात सांगायचं असतं, त्याच्या आधी आमच्यात बाळाला त्या नावानं हाक मारत नाहीत. म्हणून मीही मारली नव्हती, एकदाही. हॉस्पिटलच्या कागदावर तिची नोंद सबनीस यांची मुलगी, एवढीच आहे.

"पंचवीस वर्षं ठेवलेलं नाव तुम्ही मला दिलंत," ती म्हणाली. "ते मी त्या खोलीत, सगळ्यांसमोर, नको कसं म्हणणार होते? मॅचमध्ये मला द्वारका लागते, आई. तुम्ही लिहून दिलंत, बरं झालं. पण घरात अहिल्याच म्हणा. त्या नावाला कुणीतरी ओ द्यायला हवी ना."

मी रडले. बाई, काय रडले. उझबेकिस्तानच्या मुली बॅगा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, हरल्याचं दुःख. हे लांब उभे राहून चष्मा पुसत होते. तिनं मला तिच्या त्या काळ्यानिळ्या दंडांत धरून ठेवलं होतं, घट्ट, आणि सुटू देत नव्हती. मग मी हळूच, तिच्या कानाशी तोंड नेऊन, हाक मारली.

तिनं ओ दिली.